ओतण्याआधी नमुना: टेस्ट सर्व्हर म्हणजे काय, आणि तो वेगळा का लागतो

रात्री सव्वाअकराला शहापूरहून आत्याचा फोन आला. "झोपलास काय रे? माझ्या खात्यातनं नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये गेलेत म्हणून मेसेज आलाय बघ. एवढे पैसे खात्यात होतेच कुठं?" तिच्या खात्यात अठरा हजारांच्या आसपास रक्कम होती. म्हणजे मेसेज खोटा हे तिलाही कळत होतं, तरी रात्रभर तिचा डोळा लागला नाही. सकाळी सोसायटीचं शटर वर जायच्या आत पायरीवर पासबुकं घेऊन पन्नासएक माणसं उभी होती. दुपारी नोटीस लागली: "टेस्ट सर्व्हरवरून चुकून संदेश गेले आहेत. सभासदांच्या ठेवी सुरक्षित आहेत."

ठेवी खरोखरच सुरक्षित होत्या, एक रुपयाही हलला नव्हता. पण नोटीस वाचून गोंधळ आणखी वाढला. "टेस्ट म्हणजे? आमच्या पैशावर प्रयोग करूलालेत काय हे?" एका आजोबांनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, आणि तिला काही सांगता येईना.

आजोबांचा प्रश्न रास्त होता. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या पतसंस्था आणि दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे या प्रश्नाचं नीट उत्तर देणं मला माझी जबाबदारी वाटते.

## पक्की वही असते कुठे?

काउंटरवर दिसणारा कॉम्प्युटर बहुतेक ठिकाणी नुसती खिडकी असतो. तुमचं खातं त्यात नसतं. ते सर्व्हरवर असतं. सर्व्हर हाही एक कॉम्प्युटरच, फक्त तो दिवसरात्र चालू राहतो आणि बाकीचे कॉम्प्युटर जे विचारतील त्याचं उत्तर देतो: या खात्यात शिल्लक किती, या ठेवीवर व्याज किती झालं. तो सोसायटीच्या मागच्या खोलीत असेल, नाहीतर दूर एखाद्या डेटा सेंटरमध्ये भाड्यानं घेतलेला असेल. लाल कापडात बांधलेल्या खतावणीची जागा आता त्यानं घेतली आहे.

नवा कारकून रुजू झाला की जुने मॅनेजर त्याला थेट खतावणीत लिहू देत नसत. आधी कच्ची वही हातात द्यायचे. त्यात तो रोजकीर्द लिही, खोडी, बेरजा चुकवी, पुन्हा मांडी. हात बसला की मगच पक्की वही. टेस्ट सर्व्हर म्हणजे ही कच्ची वही. दिसायला हुबेहूब पक्क्या वहीसारखी, तेच रकाने, तेच नियम, पण तिच्यातल्या आकड्यांशी कुणाचाही खरा पैसा जोडलेला नसतो. थोडक्यात आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर उलटं आहे. तुमच्या पैशावर प्रयोग होऊ नयेत म्हणूनच टेस्ट सर्व्हर असतो.

सॉफ्टवेअर एकदा बसवलं की काम संपलं, असा एक समज असतो. तसं होत नाही. व्याजदर बदलतात, कायद्याचे फॉर्म बदलतात, सभासदांना मोबाइलवर शिल्लक बघायची असते. प्रत्येक वेळी सॉफ्टवेअरमध्ये कुठेतरी हात घालावा लागतो, आणि एके ठिकाणी ओढलेला धागा तिसऱ्याच ठिकाणी उसवतो. हे उसवणं खऱ्या खात्यावर दिसण्याआधी दुसरीकडे दिसावं, एवढीच ही सगळी खटपट.

## तालीम, रंगीत तालीम आणि प्रयोग

नाटकाच्या माणसाला हे पटकन कळतं. लिहिणारा स्वतःच्या कॉम्प्युटरवर जे करून बघतो ती घरातली तालीम. तिथे तो एकटाच असतो. म्हणूनच "माझ्या मशीनवर चालतंय की" हे वाक्य आमच्या धंद्यात रोज ऐकू येतं आणि त्यावर कुणी फार विसंबत नाही. मग सगळ्यांनी लिहिलेलं एकत्र करून तपासायची जागा, ती टेस्ट सर्व्हर. त्यानंतर पडदा, वेषभूषा, प्रकाश सगळं लावून, फक्त प्रेक्षक नसताना करायची ती रंगीत तालीम. तिला आम्ही स्टेजिंग म्हणतो. आणि शेवटी तिकीट काढून लोक येतात तो प्रयोग, म्हणजे लाइव्ह सर्व्हर.

मोठ्या कंपन्यांत या चारही जागा वेगळ्या असतात. लहान संस्थेत टेस्ट आणि स्टेजिंग एकच असलं तरी चालतं. तालीम आणि प्रयोग मात्र एकाच रंगमंचावर एकाच वेळी होऊ शकत नाहीत, तिथे तडजोड नाही.

## उद्यमबागेतला पहिला तुकडा

माझे मामा बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, पॅटर्न शॉपला होते. (पॅटर्न म्हणजे ज्याच्यावरून वाळूचा साचा पाडतात तो ठोकळा.) शाळेच्या सुट्टीत मी डबा घेऊन जायचो तेव्हा एकदा त्यांनी नव्या पॅटर्नवरून ओतलेलं पहिलं कास्टिंग दाखवलं. राखाडी, जड, बाहेरून अगदी गुळगुळीत. "छान दिसतंय न्हवं?" म्हणाले, आणि ते घेऊन गेले ते थेट करवतीवर. सगळ्यात जाड भागातून आडवं कापलं. आत, कापलेल्या तोंडावर, तांदळाच्या दाण्याएवढी तीन भोकं होती. ब्लोहोल. साच्यातला वायू बाहेर पडायला वाट मिळाली नव्हती. पॅटर्न परत बाकावर आला, साच्याला वायू जायची वाट वाढवली, पुन्हा ओतलं, पुन्हा कापलं. असं चार वेळा झाल्यावर गिऱ्हाइकाकडे नमुना गेला, आणि तो मंजूर झाल्यावरच हजारांचा लॉट सुरू झाला.

कापायचं म्हणूनच ओतलेलं ते कास्टिंग. टेस्ट सर्व्हरही मोडण्यासाठीच उभा केलेला असतो.

मामांनी त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली होती, तिचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी कळला. नमुना ओतायचा तर वाळू तीच हवी, धातू तोच हवा, भट्टीचं तापमान तेच हवं. ओतीव लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करतात. ॲल्युमिनियमचं आकसणं निराळं. ॲल्युमिनियममध्ये ओतलेला नमुना मापात बसला म्हणून लोखंडाचा लॉट बसेल असं नाही.

टेस्ट सर्व्हरचंही तसंच. लाइव्हवर डेटाबेसची जी आवृत्ती, तीच टेस्टवर. (डेटाबेस म्हणजे खाती साठवून ठेवणारा प्रोग्राम.) ऑपरेटिंग सिस्टिम तीच, सेटिंग तीच, खात्यांची संख्याही जमेल तेवढी जवळची. दहा खात्यांवर डोळ्याचं पातं लवायच्या आत होणारी व्याज आकारणी चाळीस हजार खात्यांवर तासभर रेंगाळू शकते, आणि ते दहा खात्यांच्या टेस्ट सर्व्हरवर कधीच दिसणार नाही.

इंग्लंडमधल्या टीएसबी या बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये ५२ लाख ग्राहकांची खाती एका शनिवार-रविवारात जुन्या सिस्टिमवरून नव्या सिस्टिमवर नेली. रविवारी संध्याकाळपासून लोकांना खाती उघडेनात. काहींना दुसऱ्यांची खाती दिसू लागली. जवळपास १९ लाख लोक आपल्याच खात्याबाहेर अडकले, आणि कारभार पूर्ण रुळावर यायला डिसेंबर उजाडला. नंतरच्या चौकशीत निघालेलं एक कारण असं: नवी सिस्टिम दोन डेटा सेंटरांत मिळून चालणार होती, पण भाराची, म्हणजे खूप लोक एकदम आले तर पेलेल का याची, चाचणी त्यातल्या एकाच सेंटरवर घेतली होती. दोन्ही सारखीच असणार असं धरून चालले होते. ती सारखी नव्हती. २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड झाला.

## इथली नावं, इथलं दूध

जगभरात तयार होणारं सॉफ्टवेअर ज्या नमुना माहितीवर तपासलं जातं, त्यात आपली माणसं नसतात. जॉन आणि मेरी असतात. त्यामुळे आपल्याकडच्या चुका आपल्याच टेस्ट सर्व्हरवर शोधाव्या लागतात, आणि सीमाभागात तर त्या ढिगानं सापडतात.

सर्वांत साधी चूक म्हणजे नावाच्या जागी "?????" छापून येणं. डेटाबेस बसवताना इंग्रजीपुरतीच अक्षरं गृहीत धरली की मराठी आणि कन्नड दोन्ही नावांची प्रश्नचिन्हं होतात. एकदा असं साठवलं गेलं की मूळ नाव परत मिळत नाही, सभासदाला बोलावून पुन्हा लिहून घ्यावं लागतं.

दुसरी जरा लपलेली. आज सगळीकडे वापरात असलेल्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट जागा लागते, देवनागरी चिन्हाला तीन. (बाइट हे कॉम्प्युटरमधल्या साठवणीच्या जागेचं छोटं माप.) काना, मात्रा, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. समजा सभासदाचं नाव आहे ज्ञानेश्वर परशुराम कुऱ्हाडे. दिसायला मध्यम लांबीचं, पण जागा लागते ७७ बाइट. नावाचा रकाना ५० बाइटांचा ठेवला असेल तर पासबुकावर छापून येतं, "ज्ञानेश्वर परशुरा". आडनाव गेलं, वडिलांच्या नावाचा शेवटही गेला.

त्याच नावातला "ऱ्हा" बघा. हा भुवईसारखा अर्धा र कॉम्प्युटरवर दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, ऱ आणि हलन्त, दुसरीत साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. पण काउंटरवरच्या कीबोर्डवरून एका रीतीनं नाव भरलं आणि सभासदानं मोबाइलवरून दुसऱ्या रीतीनं शोधलं, तर उत्तर येतं: "सभासद सापडला नाही". समोर नाव दिसत असताना ते सापडत नाही हे बघून माणूस चक्रावतो. म्हणून आमच्या टेस्ट सर्व्हरवर कुऱ्हाडे, वऱ्हाडे, गोऱ्हे अशी नावं मुद्दाम भरून ठेवलेली असतात.

गावाच्या नावाचंही तेच. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं अधिकृत नाव बदललं, पण जुन्या खात्यांत जुनं इंग्रजी स्पेलिंग राहिलं, नव्यांत नवं आलं, मराठी फॉर्मवर लोक बेळगाव लिहितात. सॉफ्टवेअरनं गावानुसार यादी काढली की एकाच शहराचे तीन गट पडतात. पिन कोड धरून तपासलं तर ते एकत्र आणता येतात.

आणि दूध. क्लाउडवर, म्हणजे दूरच्या डेटा सेंटरमध्ये, भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरचं घड्याळ बहुधा जागतिक वेळेवर लावलेलं येतं. ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. म्हणजे आपल्याकडे पहाटे पाच वाजलेले असतात तेव्हा सर्व्हरच्या लेखी अजून आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेअकराच असतात. एका दूध संस्थेचं सॉफ्टवेअर तपासताना आमच्या ऑफिसात सगळं बिनचूक चालत होतं, कारण आम्ही तपासायचो सकाळी अकराला. मग एका सहकाऱ्यानं टेस्ट सर्व्हरचं घड्याळ पहाटेच्या पाचवर नेलं, सहा लिटर म्हशीचं दूध, फॅट सात अशी नोंद केली, आणि ते दूध आदल्या तारखेच्या खात्यात जाऊन बसलं. हे लाइव्हवर घडलं असतं तर लवकर येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याचं बिल दहा दिवसांच्या हिशोबात इकडचं तिकडे झालं असतं, आणि भांडण लागलं असतं ते संकलन केंद्रावरच्या पोराशी.

घड्याळ पुढेमागे करता येणं हा टेस्ट सर्व्हरचा फार मोठा उपयोग आहे. ३१ मार्चची रात्र जानेवारीतच आणून बघता येते. २९ फेब्रुवारी २०२४ ला न्यूझीलंडमध्ये माणसाविना चालणारे पेट्रोल पंप बंद पडले, कारण त्यांच्या सॉफ्टवेअरला लीप वर्षाची ती तारीख पचली नाही. पुढची २९ फेब्रुवारी २०२८ मध्ये येणार आहे. टेस्ट सर्व्हरवर ती आज दुपारी आणता येईल.

## मधली भिंत

आतापर्यंत सारखेपणाबद्दल बोललो. आता आत्याच्या मेसेजकडे येतो, कारण तिथे सारखेपणाच नडला.

टेस्ट सर्व्हर उभा करताना कुणीतरी लाइव्ह सर्व्हरवरची सेटिंगची फाइल जशीच्या तशी उचलून ठेवली. सारखं व्हावं हाच हेतू. पण त्या फाइलमध्ये एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीची किल्लीही होती, म्हणजे तो लांबलचक पासवर्ड, जो दाखवला की कंपनी संदेश पुढे पाठवते. सभासदांचे मोबाइल नंबरही खरेच होते. रात्री कुणीतरी मोठी रक्कम वजा करून बघितली, आणि टेस्ट सर्व्हरनं त्याला सांगितलेलं काम इमानानं केलं.

मेसेज एवढा खरा का वाटला? आपल्या देशात व्यापारी एसएमएसचा मजकूर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, आणि त्या साच्यातच बसणारा संदेश पुढे जातो. त्यामुळे टेस्ट सर्व्हरवरून सुटलेला संदेशही अक्षरशः त्याच साच्यातला, त्याच नावानं आला. २०२३ मध्ये सरकारनं आपत्तीच्या इशाऱ्यासाठी सगळ्यांच्या मोबाइलवर मोठा आवाज करत चाचणीचे संदेश पाठवले होते, त्यांत "हा नमुना संदेश आहे, दुर्लक्ष करा" असं लिहिलेलं होतं. आत्याच्या मेसेजमध्ये असं लिहायला साच्यात जागाच नव्हती.

म्हणून भिंत. टेस्ट सर्व्हरला एसएमएस कंपनीची खरी किल्ली कधीही द्यायची नाही. त्याचे सगळे संदेश एका बनावट पेटीत पडावेत, ती पेटी उघडून टीमनं बघावं की मजकूर बरोबर आहे का. (मराठी एसएमएसला ७० अक्षरांची मर्यादा असते, इंग्रजीला १६०. मजकूर ओलांडला की एका संदेशाचे दोन-तीन होतात आणि बिलही तेवढ्या पटीनं वाढतं. हेही त्या पेटीतच कळतं.) पैसे स्वीकारणाऱ्या कंपन्या चाचणीसाठी वेगळी किल्ली देतात, आणि ४१११ ११११ ११११ ११११ असला कार्ड नंबर तिथे चालतो, त्यातून खरा पैसा हलत नाही. डेटाबेसचा पासवर्ड दोन्हीकडे वेगळा ठेवायचा. शक्य तिथे टेस्ट सर्व्हरवरून लाइव्ह सर्व्हरपर्यंत पोहोचणारी वाटच बंद करायची, म्हणजे कुणी चुकून हाक मारली तरी पलीकडे ऐकू जाणार नाही.

आणि रंग. हे मी प्रत्येक ठिकाणी हट्टानं करून घेतो. टेस्ट सर्व्हरच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर झेंडूच्या रंगाची जाड पट्टी, तिच्यावर "चाचणी" असा शब्द. पासबुक छापलं तरी त्यावर तो शब्द आडवा छापून येतो. १३ जानेवारी २०१८ च्या सकाळी अमेरिकेच्या हवाई राज्यात लोकांच्या मोबाइलवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा गेला. तिथे तालीम सुरू होती आणि एका कर्मचाऱ्याला ती खरी वाटली. चूक दुरुस्त करणारा संदेश जायला ३८ मिनिटं लागली. चौकशीत एक गोष्ट नोंदली गेली: इशारा पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चाचणीची जागा आणि खरी जागा यांत भेदच केलेला नव्हता.

## खरी माहिती टेस्ट सर्व्हरवर ठेवायची का?

इथे मन दोन्हीकडे ओढलं जातं. खऱ्या माहितीतच खऱ्या अडचणी असतात. अर्धवट भरलेले पत्ते, एकाच माणसाची दोन खाती, १९८० च्या दशकातल्या ठेवी, मयत सभासदांचे वारस; असलं काही मनानं रचून सुचत नाही. पण टेस्ट सर्व्हरवर बाहेरची मंडळी काम करतात, शिकाऊ मुलं असतात, पासवर्ड ढिले असतात. तिथे आत्याचं आधार, पॅन आणि शिल्लक उघडी ठेवणं म्हणजे खतावणी चहाच्या टपरीवर ठेवून जाणं.

वाट अशी की खरी माहिती आणायची, पण वाटेतच तिचे चेहरे बदलायचे. नावं एकमेकांत फिरवायची, मोबाइल नंबर काढून टीमचेच घालायचे, रकमा थोड्या हलवायच्या. आकार मात्र राखायचा: मराठी नावाच्या जागी मराठीच नाव, लांबच्या जागी लांब. आधारच्या बारा आकड्यांतला शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून काढलेला असतो, त्यामुळे वाटेल ते बारा आकडे घातले तर सॉफ्टवेअर ते नाकारतं. बनावट आकडाही त्या हिशोबात बसवावा लागतो. हे चेहरे बदलणं माहिती टेस्ट सर्व्हरवर पोहोचण्याआधी व्हायला हवं. पोहोचल्यावर बदलू असं म्हटलं की ते राहून जातं.

यात आता कायदाही आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. माहिती राखण्याची योग्य काळजी घेतली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. माहिती टेस्ट सर्व्हरवरून फुटली काय किंवा लाइव्हवरून, ज्याची फुटली त्याच्या दृष्टीनं फरक काहीच नाही.

## प्रत्यक्षात उभा कसा करतात

फार मोठं यंत्र लागत नाही. आमच्या ऑफिसात एक वापरलेला डेस्कटॉप आहे, १६ जीबी मेमरीचा. त्याच्यावर आम्ही चार संस्थांचे चार टेस्ट सर्व्हर चालवतो. हे कसं जमतं? जुन्या वाड्यात भिंती घालून बिऱ्हाडं केलेली असत. वाडा एक, पण प्रत्येकाची चूल वेगळी, कडी वेगळी. कॉम्प्युटरमध्ये अशी बिऱ्हाडं पाडता येतात, त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आणखी हलका प्रकार म्हणजे कंटेनर: खोली आपली, स्वयंपाकघर सामायिक.

काम साधारण या क्रमानं होतं. लाइव्हवर काय काय आहे, कुठल्या आवृत्तीचं आहे, याची यादी आधी कागदावर येते. त्यातच निम्मी मेहनत जाते, कारण वर्षानुवर्षं कुणीतरी येऊन काहीतरी बदलून गेलेलं असतं आणि त्याची नोंद नसते. मग त्या यादीप्रमाणे टेस्टवर सगळं बसवायचं, तेही हातानं नव्हे. बसवण्याच्या सूचना एका फाइलमध्ये लिहायच्या आणि कॉम्प्युटरकडून वाचून घ्यायच्या. पुढे लाइव्हवर बदल न्यायची वेळ आली की त्याच सूचना तिथे चालवायच्या. टेस्टवर एका रीतीनं आणि लाइव्हवर दुसऱ्या रीतीनं नेलं, तर नेण्याच्या कृतीचीच चाचणी राहून जाते.

मग मोडायला सुरुवात. यातली एक चाचणी मी सभासदांना बोलावून दाखवतो. व्याज आकारणी सुरू करायची, चाळीस हजारांपैकी अंदाजे निम्मी खाती झाली की सरळ भिंतीवरचं बटण बंद करायचं. पंखा थांबतो, पडदा काळा होतो. पुन्हा चालू केल्यावर दोनच गोष्टी चालतील: एकतर कुठल्याच खात्यात व्याज जमा झालेलं नसावं, नाहीतर सॉफ्टवेअरनं जिथे थांबलं तिथूनच पुढे जावं. काही खात्यांत दोनदा व्याज पडलं तर सॉफ्टवेअर नापास. खऱ्या सर्व्हरवर हे बटण बंद करायची कुणाची छाती होईल?

बॅकअपचीही परीक्षा इथेच होते. बॅकअप म्हणजे माहितीची राखीव प्रत. ती रोज घेतली जाते असं सगळेच सांगतात. पण ती उघडते का, हे कुणी बघितलेलं असतं? दर आठवड्याला ती प्रत चेहरे बदलून टेस्ट सर्व्हरवर उतरवायची. उतरली तर प्रत चांगली.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या, प्रोग्राम लिहिणाऱ्यांचं काम साठवून ठेवणाऱ्या कंपनीत एका इंजिनिअरनं दुसऱ्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायचा म्हणून मुख्य सर्व्हरवरचाच पुसला. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं, तोवर ३०० जीबीपैकी ४.५ जीबीच्या आसपास उरलं होतं. बॅकअपकडे धावले तर तो घेतलाच जात नव्हता. बॅकअप घेणारा प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्या आवृत्त्या जुळत नव्हत्या, त्यामुळे तो रोज मुकाट बंद पडत होता, आणि तसं कळवणारे ईमेलही पोहोचत नव्हते. त्यांना वाचवलं ते योगायोगानं: त्याच दिवशी सहा तास आधी कुणीतरी स्टेजिंगवर चाचणी करायची म्हणून मुख्य डेटाबेसची प्रत काढली होती. त्या प्रतीवरून कंपनी पुन्हा उभी राहिली, नुकसान सहा तासांच्या कामापुरतं राहिलं. हे सगळं त्यांनी जगासमोर लिहून ठेवलं याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

## "आमची संस्था लहान, हे परवडेल काय?"

हा प्रश्न प्रत्येक संचालक मंडळात येतो, आणि त्यात तथ्य आहे. लाइव्हएवढाच ताकदवान दुसरा सर्व्हर चोवीस तास पोसायची गरज मात्र नाही. क्लाउडवरचा टेस्ट सर्व्हर कामापुरता चालू करून बंद ठेवता येतो, भाडं मुख्यतः चालू तासांचं पडतं. ऑफिसातला जुना कॉम्प्युटरही चालतो. खर्च होतो तो माणसाच्या वेळेचा, आणि तो वेळ करारात लिहून घ्यायचा असतो. सॉफ्टवेअर देणाऱ्याकडे टेस्ट सर्व्हर आहे असं गृहीत धरू नका, विचारा. मी अशी ठिकाणं बघितली आहेत जिथे रात्री दहानंतर थेट लाइव्हवरच बदल केले जातात आणि त्यालाच टेस्टिंग म्हणतात.

## "चाचणी करूनही घोटाळे होतातच की"

होतात. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका छोट्या फाइलमुळे जगभरातले अंदाजे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बंद पडले. आपल्याकडेही विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्या कंपनीकडे चाचण्या होत्या. पण नव्या फाइलला २१ रकान्यांची अपेक्षा होती आणि प्रोग्राम २०च पुरवत होता. चाचणीत एकविसाव्या रकान्यात "काहीही चालेल" असं चिन्ह असल्यामुळे तो कधी वाचलाच गेला नाही. फाइल तपासणाऱ्या प्रोग्राममध्येही चूक होती. आणि ती फाइल सगळ्यांना एकदम गेली.

या शेवटच्या वाक्यात पुढची पायरी आहे. टेस्ट सर्व्हरवर पास झालेला बदल आधी एका शाखेला द्यायचा, दोन दिवस बघायचं, मग बाकीच्यांना. साखर कारखाना नवा असला की पहिल्या वर्षी चाचणी गळीत हंगाम घेतात, पूर्ण क्षमतेनं ऊस लगेच ओढत नाहीत. चिकोडी-निपाणीकडच्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आणि बदल बिघडला तर आधीच्या स्थितीला परत कसं यायचं, हेही टेस्ट सर्व्हरवर करून बघितलेलं असावं.

## वार्षिक सभेत काय विचाराल?

कॉम्प्युटरचं शिक्षण लागत नाही. शेवटची बॅकअप प्रत कुठल्या तारखेला उतरवून बघितली? टेस्ट सर्व्हरवर आमचे खरे मोबाइल नंबर आहेत काय? ३१ मार्चचं व्याज यंदा आधी चाचणीवर काढून बघणार काय? तिसऱ्या प्रश्नाला "हो" असं उत्तर आलं तर चाचणीचा छापील कागद दाखवा म्हणावं. त्यावर तारीख असेल, बेरीज असेल, आणि आडवा "चाचणी" हा शब्द असेल.

आत्यानं यंदा हे तिन्ही प्रश्न विचारायचं ठरवलंय. कागदावर लिहून तिनं ते पासबुकात ठेवलेत.